नवशिक्यांचा कुकिंग क्लास: बघून किती येतं?

पुण्यात स्वयंपाकाचे वर्ग शोधायला घेतले तर तोटा नाही. गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकांचे, दिवाळीच्या आधी फराळाचे, डिसेंबरात केकचे, मे महिन्यात मुलांसाठी चाट आणि सरबतांचे. पण समजा तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे आहात, नोकरी किंवा संशोधन चालू आहे, स्वयंपाकाचा धंदा करायचा नाही, हौस म्हणून शिकायचं आहे, आणि चहा-मॅगीच्या पुढे तुम्हाला खरंच काही येत नाही. मग निवड एकदम अवघड होते. जाहिरातीत ‘बेसिक’, ‘बिगिनर्स’, ‘बॅचलर स्पेशल’ असं सगळं लिहिलेलं असतं. आत गेल्यावर कळतं की ‘बेसिक’ म्हणजे पनीरच्या पाच ग्रेव्ह्या.

एरवी मी इथे एखादा पेपर घेऊन तो सोप्या भाषेत उलगडतो. या वेळी उलटं करतो. गेल्या वर्षभरात मी असे तीन वर्ग केले. त्यांचं परीक्षण करतो आणि ते करताना ‘माणूस हाताचं काम कसं शिकतो’ यावरचं संशोधन हाताशी ठेवतो. वर्गांची नावं देत नाही, कारण माझा मुद्दा कोणा एका बाईंबद्दल किंवा स्टुडिओबद्दल नाही, शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. या तीन पद्धती तुम्हाला नाशकात, नागपुरात, ठाण्यातही भेटतील.

पहिला वर्ग घरगुती, ‘डेमो’ पद्धतीचा. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही वीस-बावीस जण, समोर टेबलावर गॅसची शेगडी. मॅडमनी तीन तासांत पाच भाज्या करून दाखवल्या. हातात झेरॉक्स नोट्स, शेवटी कागदी डिशमध्ये चव. मॅडमचा हात अप्रतिम, बोलणंही मोकळं.

दुसरा वर्ग स्टुडिओतला. एप्रन, चकचकीत ओटा, चार जणांत एक शेगडी. कांदा, सिमला मिरची, लसूण आधीच चिरून वाट्यांमध्ये मांडून ठेवलेलं. सांगितलं की आपण ते कढईत ओतायचं. शेवटी पास्ता, फोटो आणि सर्टिफिकेट.

तिसरा वर्ग एका निवृत्त काकूंच्या घरी. आम्ही सहा जण, चार रविवार. वरण, भात, एक भाजी, एक कोशिंबीर, पोळी. दुसऱ्या रविवारी पुन्हा वरण, भात, एक भाजी, एक कोशिंबीर, पोळी. तिसऱ्या रविवारीही तेच. जाहिरात म्हणून पाहिलं तर तिघांत सगळ्यात कंटाळवाणा वर्ग हाच.

आता एकेक बघू.

बघण्याचा भास

मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या दोन संशोधकांचा एक पेपर २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांचा प्रश्न साधा होता. दुसऱ्याला एखादं काम करताना पुन्हा पुन्हा बघितलं, तर ते आपल्याला येतं का? आणि आपल्याला काय वाटतं, येतं का? सहा प्रयोग, एकूण २,२२५ माणसं. कामंही गमतीशीर होती. भांड्यांना धक्का न लावता टेबलावरचा कपडा झटक्यात ओढणं, डार्ट फेकणं, मायकेल जॅक्सनचा मूनवॉक.

निष्कर्ष असा, की जितकं जास्त बघावं तितका ‘हे मला जमेल’ हा विश्वास वाढतो. प्रत्यक्ष जमण्यात मात्र काही फरक पडत नाही. व्हिडिओ वीस वेळा बघणाऱ्यांना आपला नेम एकदाच बघणाऱ्यांपेक्षा चांगला लागेल असं वाटलं. डार्ट हातात दिल्यावर तसं काही झालं नाही.

असं का होतं, हे त्यांनी पुढच्या प्रयोगांत तपासलं. बघण्यातून पायऱ्या नीट लक्षात राहतात. आधी हे, मग ते. पण ती पायरी करताना हाताला काय जाणवतं, ते बघून कळत नाही. पायऱ्या पाठ झाल्या की मनाला वाटतं काम आलं. शेवटच्या प्रयोगात त्यांनी लोकांना जगलिंगचा व्हिडिओ दाखवला आणि मग जगलिंगच्या पिना नुसत्या हातात धरायला दिल्या. फेकायच्याही नाहीत, फक्त धरायच्या. तेवढ्यानेच फाजील विश्वास खाली आला.

आता पहिला वर्ग आठवा. तीन तास आम्ही पायऱ्या बघितल्या. घरी जाताना लिफ्टमध्ये सगळ्यांचं एकच वाक्य होतं, ‘सोपं आहे की!’ हे वाक्य म्हणजे तो पेपरच आहे. वाटण परतताना ते कढईला कधी धरायला लागतं, उलथन्याला कधी जड लागतं, कांदा तांबूस होणं आणि करपणं यांच्यात किती वेळ मिळतो, यातलं काहीही खुर्चीवर बसून कळण्यासारखं नाही. वर्गातल्या एकाने पुढच्या आठवड्यात ती ग्रेव्ही घरी केली, कांदा करपला, आणि त्याने ग्रुपवर लिहिलं की ‘आपल्याच्याने हे होणार नाही’. डेमो वर्गाचा खरा तोटा मला इथे दिसतो. न शिकवण्यापेक्षाही वाईट गोष्ट अशी, की आधी विश्वास वाढतो आणि तो मोडला की माणूस दोष स्वतःला देतो, वर्गाला नाही.

पण मग दाखवायचंच नाही का?

तसं नाही, आणि इथे घाई करून चालणार नाही. शिकण्याच्या संशोधनात ‘सोडवून दाखवलेलं उदाहरण’ ही फार भक्कम गोष्ट मानली जाते. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेलं काम प्रसिद्ध आहे. नवख्या विद्यार्थ्यांना थेट गणितं सोडवायला देण्यापेक्षा काही गणितं सोडवून दाखवली, तर तशाच प्रकारची पुढची गणितं ते कमी वेळात आणि कमी चुका करून सोडवतात. कारण नवख्या माणसाच्या डोक्यात एका वेळी मावणारी जागा थोडी. सगळंच नवीन असेल तर ती जागा धडपडण्यातच संपते. शिकायला उरत नाही.

म्हणजे मॅडमनी करून दाखवणं चूक नाहीच. पण स्वेलर-कूपर यांच्या मांडणीत उदाहरणानंतर लगेच तसंच एक गणित विद्यार्थ्याला स्वतः सोडवायचं असायचं. दाखवा, लगेच करायला लावा. पुन्हा दाखवा, पुन्हा करायला लावा. आपल्या डेमो वर्गांनी यातला पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा घरी करायला दिला.

झेरॉक्स नोट्सबद्दलही असंच. स्वेलर यांनीच पॉल चँडलर यांच्यासोबत १९९२ मध्ये दाखवलं, की परस्परांशिवाय अर्थ न लागणारी माहिती दोन ठिकाणी विभागलेली असली, की ती डोक्यात जुळवण्यातच शक्ती जाते. कढईकडे बघू, की नोट्समध्ये ‘पाव चमचा’ होतं की ‘अर्धा’ ते बघू? वर्गात अर्धे लोक खाली मान घालून दुरुस्त्या लिहीत होते, आणि फोडणी तेवढ्यात होऊन गेली. नोट्स शेवटी दिल्या असत्या तरी चाललं असतं.

‘अंदाजे’ या शब्दाची अडचण

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन हिने पीएचडीच्या प्रबंधासाठी एक प्रयोग केला. (प्रबंध लिहिताना आपलंही काही असं लोकांना आठवेल का, हा विचार मनात येतोच.) एका माणसाने सर्वांना माहीत असलेल्या गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आणि डोक्यातलं गाणं बंद करून ती टकटक ऐकणं वाजवणाऱ्याला जमत नाही.

स्वयंपाक शिकवणाऱ्या अनुभवी माणसाचं हेच होतं. ‘अंदाजे मीठ’, ‘छान खमंग होईपर्यंत’, ‘तेल सुटेपर्यंत परता’, ‘तीन शिट्ट्या’. बोलणाऱ्याच्या डोक्यात चाळीस वर्षांचं गाणं चालू आहे. ऐकणाऱ्याला टकटक.

मराठीत या अडचणीवर मोठं काम झालेलं आहे, ते विसरता कामा नये. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. वाटी आणि चमच्याच्या प्रमाणामुळे कितीतरी घरांतला ‘अंदाजे’ मोजता येण्यासारखा झाला. पण प्रमाणाने निम्माच प्रश्न सुटतो. ‘किती’ कळलं तरी ‘कुठपर्यंत’ हा प्रश्न उरतो, आणि तो कागदावर सुटणं अवघड आहे. वर्गाला जायचं ते या ‘कुठपर्यंत’साठी. वर्गाने तेवढं जरी शिकवलं तरी फी वसूल.

‘तेल सुटेपर्यंत’ हेच घ्या. याचा अर्थ काय? कांदा-टोमॅटोच्या वाटणात भरपूर पाणी असतं. जोवर ते पाणी आहे तोवर वाटणाचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं, कारण गॅसची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तेलही त्या ओल्या लगद्यात बारीक थेंबांनी धरलेलं असतं. पाणी आटत गेलं की ते सुटून कडेला दिसायला लागतं. म्हणजे तेल सुटणं ही ‘पाणी संपत आलं’ अशी सूचना आहे. यापुढे तापमान भराभर वाढतं आणि साधारण १४० अंशांच्या पुढे तांबूसपणा आणि खमंगपणा देणाऱ्या क्रिया जोरात सुरू होतात. त्यांना मायार्ड अभिक्रिया म्हणतात, १९१२ मध्ये ज्यांनी त्यांचं वर्णन केलं त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून. सूचना मिळाल्यावर तुमच्याकडे थोडाच वेळ असतो. हे एकदा समजलं की ‘तेल सुटलं की गॅस बारीक कर’ हे पाठ करावं लागत नाही.

मोहरीचंही तसंच. तडतडणारी मोहरी म्हणजे घरातलं तापमापक. तेल पुरेसं तापलं की दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फुटतो. नवशिक्यासाठी ही उत्तम खूण आहे, कारण ती ऐकू येते. हळद मात्र काही सांगत नाही, ती गुपचूप करपते. म्हणून ती शेवटी.

उलट ‘तीन शिट्ट्या’ ही वाईट खूण आहे. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडणं. ती किती वेळात येईल हे गॅस किती मोठा, कुकर किती भरलेला, त्याचा आकार केवढा यावर ठरतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पटापट होतात आणि तूरडाळ कच्ची राहते. शिजवते ती दाबाखाली गेलेली वेळ, शिट्ट्यांची संख्या नव्हे. तिसऱ्या वर्गातल्या काकू सांगायच्या, ‘पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर आणि घड्याळ बघ.’ त्यांनी कुठला पेपर वाचलेला नाही. पण नवशिक्याला मोजता येईल असं एकक दिलं, एवढं मात्र बरोबर ओळखलं.

तीन रीडिंग

रसायनशास्त्रात बीएस्सी केलेल्या कोणालाही टायट्रेशन आठवत असेल. ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडायचे, फिनॉल्फ्थेलिनचा फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गडद गुलाबी, रीडिंग गेलं. आणि एकदा बरोबर आलं म्हणून सोडत नाहीत. जुळणारी तीन रीडिंग आणा, मगच वहीवर सही.

‘फिकट गुलाबी’ म्हणजे किती फिकट, हे कुठलंही पुस्तक सांगू शकत नाही. ते डोळ्याला तिसऱ्या-चौथ्या वेळी कळतं. कढईतला ‘तांबूस’ हा याच जातीचा शब्द आहे. म्हणून काकूंनी तीन रविवार तेच ते करायला लावलं, ते मला कंटाळवाणं न वाटता ओळखीचं वाटलं. पहिल्या रविवारी आम्ही कृती करत होतो, दुसऱ्या रविवारी कढईकडे बघत होतो, तिसऱ्या रविवारी बोलत बोलत करत होतो.

यात एक बारकावा आहे. ‘तेच ते’ म्हणजे हुबेहूब तेच नव्हतं. भाजी दर वेळी वेगळी होती. आधी बटाटा, मग फ्लॉवर, मग भेंडी. फोडणी, परतणं, वाफ आणणं हे तंत्र तेच. १९७८ मध्ये केर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे. एका गटाने ३ फुटांवरच्या लक्ष्यावर बीनबॅग टाकण्याचा सराव केला, दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवर. परीक्षा ३ फुटांवर घेतली, तर ज्यांनी ३ फुटांवर कधीच सराव केला नव्हता ती मुलं सरस ठरली. एका प्रयोगावर फार डोलारा उभारू नये, आणि बीनबॅगवरून भेंडीवर घेतलेली उडी माझी आहे. पण सराव करताना थोडा बदल असला की हात एका भाजीत अडकत नाही, हे काकूंच्या ओट्यापाशी मला दिसलं. बटाट्यावर झाकण ठेवायचं आणि भेंडीवर ठेवायचं नाही, हा फरक कळला की भाजी ‘करता येते’. नुसता बटाटा तीनदा केला असता तर बटाट्याची भाजी आली असती.

पहिल्या वर्गात पाच पदार्थ एकेकदा झाले, तेही दुसऱ्याच्या हाताने. तिसऱ्यात पाच पदार्थ तीनदा, आपल्या हाताने. जाहिरातीत पहिला वर्ग भरगच्च दिसतो.

मग मजेचं काय?

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला परीक्षा द्यायची नाहीये. रविवार छान जावा, चार माणसं भेटावीत, एवढंच हवंय. रास्त आहे. दुसरा, स्टुडिओतला वर्ग याच कारणासाठी चालतो, आणि संध्याकाळ खरंच मजेत गेली.

पण मजेवरही संशोधन आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरियली यांनी २०१२ मध्ये ‘आयकिया इफेक्ट’ या नावाने एक पेपर लिहिला. स्वतः जोडलेल्या फर्निचरच्या खोक्याची, स्वतः घड्या घालून केलेल्या ओरिगामीची माणसाला जास्त किंमत वाटते, असं त्यात दिसलं. त्याला अट एकच, काम पुरं झालं पाहिजे. अर्धवट राहिलं किंवा करून मोडून टाकलं, तर ते प्रेम उरत नाही.

स्टुडिओत माझ्या वाट्याला आलं ते दोन वाट्या कढईत ओतणं आणि एकदा ढवळणं. चार जणांत एक शेगडी म्हटल्यावर दुसरं काय येणार? तो पास्ता कोणाचा होता, हे आमच्या चौघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं. चिरणं आधीच झालेलं, सॉस आधीच तयार. अडचण येऊ नये म्हणून सगळं काम काढून घेतलं, आणि कामासोबत ‘हे मी केलं’ हेही निघून गेलं. याउलट, तिसऱ्या वर्गात एकाची पहिली पोळी टम्म फुगली तेव्हा सहाही जण आपापलं सोडून बघायला आले. फोटो कोणाला सुचला नाही. शिकणं आणि मजा यांच्यात निवड करावी लागते, हेच मुळात खरं नाही. हौशी माणसालासुद्धा मजा हातातून काहीतरी पुरं झाल्याचीच येते.

नवशिका कोण समजायचा?

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. ‘नवशिक्यांसाठी’ म्हणणारे वर्ग गृहीत धरतात की काही गोष्टी तुम्हाला घरात वावरून माहीतच असतील. कांदा कसा धरायचा, मंद आच म्हणजे किती, कणीक मळून झाकून का ठेवायची. (मळल्यावर गव्हातल्या प्रथिनांचं ताणलेलं जाळं सैल व्हायला वेळ लागतो. लगेच लाटली तर पोळी परत आक्रसते.)

हे घरात वावरून कोणाला कळतं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या ‘टाइम यूज’ सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या लोकांना विचारलं होतं की काल दिवसभर काय केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांनी दिलेला सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे बहुतेक मुलगे स्वयंपाकघरात ‘वावरलेले’ नसतातच. वर्ग मनात ज्या नवशिक्याची कल्पना करतो, ती लग्न ठरलेली मुलगी असते.

आणि याचा त्रास मुलांपेक्षा मुलींना जास्त होतो. पहिल्या वर्गात माझ्यासारख्याने ‘मंद म्हणजे नक्की किती?’ असं विचारलं की हॉलमध्ये कौतुकाचं हसू यायचं, ‘वा, मुलगा असून शिकतोय!’ माझ्या शेजारच्या खुर्चीवर आयटीत काम करणारी माझ्याच वयाची मुलगी होती. तिने कुकरच्या रिंगबद्दल विचारलं, तर मागून कोणीतरी म्हणालं, ‘एवढंही नाही माहीत?’ त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिचे उरलेले प्रश्न मी विचारले, ती चिठ्ठीवर लिहून द्यायची. एकच अज्ञान, माझ्या बाबतीत ते गोड आणि तिच्या बाबतीत लाजिरवाणं. जिथे अर्ध्या वर्गाला नवशिकं असण्याची परवानगीच नाही, त्या वर्गाला नवशिक्यांचा वर्ग म्हणता येणार नाही. मॅडमनी त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत. डेमो कितीही सुरेख असला, तरी माझ्या लेखी ही त्या वर्गाची सर्वांत मोठी उणीव.

शिकवणाऱ्यांच्या बाजूने

हेही सांगायला हवं की डेमो पद्धत आळसातून आलेली नाही. बहुतेक वर्ग एकट्या बाई आपल्या घरात चालवतात. एक ओटा, एक-दोन शेगड्या. वीस जणांना हाताने करायला द्यायचं तर भांडी, सामान, सिलिंडर, जागा, मदतनीस, सगळं वाढतं आणि फी चौपट होते. तेवढी फी द्यायला आपण तयार नसतो. आपणही ‘किती पदार्थ शिकवणार?’ हाच प्रश्न आधी विचारतो, मग त्या पदार्थ वाढवतात. हातात धरायला पिना दिल्या तरी फरक पडतो, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. वीस जणांच्या वर्गातही प्रत्येकाला एकदा कणकेत बोट घालू देणं, एकदा वाटण परतू देणं, याला जादा सिलिंडर लागत नाही.

आणि हाताने करायला देणाऱ्या वर्गांचाही हिशेब कडकपणे मागायला हवा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या इप्सविच शहरात जेमी ऑलिव्हरच्या नावाने एक कार्यक्रम चालला. दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, स्वतः करायचं. संशोधकांनी प्रतीक्षायादीतल्या लोकांशी तुलना केली, तर वर्ग केलेल्यांचा स्वयंपाकाचा आत्मविश्वास वाढला होता आणि सहा महिन्यांनीही टिकून होता. चांगलं आहे. पण इथवर वाचलंत तर तुमच्या मनात शंका आलीच असेल. आत्मविश्वास तर नुसतं बघूनही वाढतो! तो सहा महिने टिकला हे आशादायक, कारण घरी रोज करपणाऱ्या भाजीपुढे खोटा विश्वास इतका टिकला नसता, असा माझा अंदाज. तरी प्रश्नावलीतला विश्वास आणि ताटातली भाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा अभ्यासांत कोणीतरी भाजी चाखून बघायला हवी.

फी भरण्याआधी काय विचाराल

किती पदार्थ, हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी हे विचारा.

एका शेगडीमागे किती जण? दोनपेक्षा जास्त असतील तर तुम्ही प्रेक्षक आहात.

चिरणं, मळणं, निवडणं आम्ही करणार का? ‘सगळं तयार मिळेल’ हे ऐकायला छान, शिकायला वाईट.

तोच पदार्थ किंवा तेच तंत्र पुन्हा होणार का, आणि कधी? एकाच दिवशी पाच तासांपेक्षा चार रविवारी थोडं थोडं बरं. मधल्या आठवड्यात घरी करून बघता येतं, आणि काय बिघडलं ते पुढच्या वेळी विचारता येतं.

माझं केलेलं तुम्ही चाखणार का? मीठ कमी की जास्त, हे कोणी सांगितलंच नाही तर जीभ कशी तयार होणार?

बिघडलं तर काय करता? काकूंनी एकदा करपलेला मसाला फेकू दिला नाही. सगळ्यांना वास घ्यायला लावला, एकेक कण चाखायला लावला, आणि मग म्हणाल्या, ‘आता ओळखशील.’ ज्या वर्गात काहीच बिघडू देत नाहीत तिथे सीमा कुठे आहे ते कळत नाही.

आणि शेवटचं, जमलं तर एखादा तास आधी बसून बघा. कोणी बावळट प्रश्न विचारला की शिकवणारा काय करतो, ते बघा. बाकी सगळं जमलं आणि हे नसेल, तर तो वर्ग सोडून द्या.

तर माझा निवाडा असा. पहिला वर्ग ज्यांना थोडाफार स्वयंपाक येतो त्यांच्यासाठी उत्तम. त्यांच्याकडे हात आहे, त्यांना फक्त पायऱ्या हव्यात. दुसरा मित्रमंडळींसोबत एका संध्याकाळीपुरता ठीक. नवशिक्याने मात्र तिसऱ्यासारखा शोधावा. असे वर्ग जाहिरातीत क्वचित सापडतात, कारण ‘चार रविवार वरणभात’ या जाहिरातीला कोण फोन करणार? सापडला नाही, तर ओळखीतल्या, उत्तम रांधणाऱ्या आणि न रागावणाऱ्या काकूंना किंवा काकांना चार जण मिळून विचारा. सामान आपलं न्या, फी आग्रहाने द्या. त्यांच्या वेळेला आणि कौशल्याला किंमत आहे, आणि फी दिली की बावळट प्रश्न विचारायला आपल्यालाही संकोच वाटत नाही.

तुमच्या गावात असा वर्ग असेल तर मला जरूर कळवा. माझ्याकडे यादी मागणारे बरेच आहेत, आणि यादीत सध्या एकच नाव आहे.